मैदान खुलं होतं, कप्तानी नव्हती

कार्यालयात सगळ्या थरांतली माणसं यावीत, बायका, दलित, आदिवासी, अपंग, पारलिंगी माणसं वरच्या खुर्च्यांपर्यंत पोचावीत आणि त्यासाठी वरिष्ठांनी स्वतः पुढाकार घ्यावा, असं म्हटलं की आमच्या दादर-माहीम भागात एक उत्तर ठरलेलं आहे. ‘समोर शिवाजी पार्क आहे ना? तिथे कुणी कुणाची जात विचारतं का? चेंडूला आडनाव कळत नाही. ज्याच्या अंगात गुण आहेत तो वर येतोच. साहेबाने मध्ये लुडबुड करू नये म्हणजे झालं.’ निवृत्त बँक अधिकारी हे म्हणतात आणि लोअर परळला नोकरी करणारी त्यांची मुलंही म्हणतात. म्हणणारी माणसं बहुतेक वेळा सज्जन असतात, मैदानावर त्यांचा मनापासून जीव असतो. म्हणूनच या युक्तिवादाला नीट उत्तर द्यायला हवं. तो चुकीचा आहे, आणि ज्या खेळाचा दाखला दिला जातो त्याच खेळाचा इतिहास तो खोडून काढतो.

सगळ्यांत मोठ्या दाखल्यापासून सुरुवात करू. अजित तेंडुलकरने धाकट्या भावाला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे आणलं तेव्हा पहिल्या दिवशी सचिन बावरला आणि सरांवर त्याची छाप पडली नाही. अजितने विनंती केली, त्याला जरा लांबून, त्याला कळणार नाही असं बघा. सर बाजूला झाले, पोरगा मोकळा खेळला आणि त्याची निवड झाली. पुढे सरांच्या सल्ल्यावरून वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात नाव घातलं. जाण्या-येण्यात दमछाक होते म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरच्या सामन्यातून दुसऱ्या मैदानावर नेत. म्हणजे आपण पाहिलेल्या सर्वांत लखलखीत गुणवत्तेलासुद्धा पहिली परीक्षा हुकल्यावर दुसरी संधी मागणारा भाऊ लागला, ती देणारा गुरू लागला, मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर नातलगाचं घर लागलं. यात सचिनचं श्रेय तसूभरही कमी होत नाही. पण ‘गुण असला की माणूस आपोआप वर येतो’ हे वाक्य मात्र इथेच कोसळतं. ज्या मुलाचे काका शिवाजी पार्कला राहत नाहीत, ज्याच्यासाठी पुन्हा एकदा शब्द टाकणारं कुणी नाही, त्याची पहिली मुलाखत हीच शेवटची ठरते.

आता त्याहून जुनी गोष्ट. ती कट्ट्यावर फार निघत नाही.

पालवणकर बाळू १८७६ साली चर्मकार कुटुंबात जन्मले. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर ते खेळपट्टी लाटत, जाळी बांधत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. त्यांची डावखुरी फिरकी खेळून साहेब आपला हात सुधारून घेत. शेकडो तास त्यांनी चेंडू टाकले, पण त्या जिमखान्यावर एकदाही त्यांच्या हातात बॅट दिली गेली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा बाळूंची आठवण झाली. मैदानावर ते सगळ्यांच्या बरोबरीने खेळत आणि चहाची वेळ झाली की बाकीचे तंबूत चिनी मातीच्या कपात चहा पीत. बाळूंना तो बाहेर मिळे, मातीच्या भांड्यात. त्यांनी टाकलेला चेंडू हातात घेताना विटाळ होत नव्हता, त्यांच्या ओठाला लागलेला कप मात्र बाटत होता.

‘चेंडूला जात कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी या दृश्यावर थोडा वेळ थांबावं. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. चेंडूला जात कळली नाहीच. ती तंबूत कळली. चेंडूवर काम करून घ्यायला कुणाचीच हरकत नव्हती, प्रश्न उभा राहिला तो कपाशी आणि पुढे कप्तानीशी.

प्लेगनंतर बाळू मुंबईला आले. हिंदू जिमखान्यातल्या काही सभासदांचा त्यांना घेण्याला विरोध होता. संघाच्या कर्णधाराने आग्रह धरला म्हणून ते आत आले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळे सामने धरून ११४ गडी बाद केले. त्या संघाचा कप्तान कोण होता? १९ वर्षांचे पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. ते मोजकेच सामने खेळले आणि त्यांच्या दौऱ्याचा बराच काळ इतर मानमरातबांत गेला. गुणवत्तेची चाड असणाऱ्यांना मला विचारायचं आहे, यातली कुठली नेमणूक गुणवत्तेवर झाली होती? बाळूंना कप्तान करा अशी मागणी त्यांचे चाहते वर्षानुवर्षं करत राहिले. ते कधीच नेमले गेले नाहीत.

१९२० साली हा प्रश्न फुटला. चार समाजांच्या संघांत होणाऱ्या चौरंगी सामन्यांसाठीच्या हिंदू संघातून बाळूंना वगळलं. कप्तान मुकुंद पै आजारी पडले, तेव्हा बाळूंचे बंधू विठ्ठल यांची ज्येष्ठता डावलून दि. ब. देवधरांकडे नेतृत्व दिलं. देवधर मोठे खेळाडू होते यात शंका नाही, प्रश्न त्यांच्या योग्यतेचा नव्हता. विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ जाहीर निषेध करून संघाबाहेर पडले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. अस्पृश्यतेविरुद्ध देशभर वातावरण तापू लागलं होतं, त्याचाही दाब आला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोघे भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केलं गेलं आणि सामना चालू असताना पै काही काळ मैदानाबाहेर गेले. त्या वेळापुरते बाळू हिंदू संघाचे कप्तान झाले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल रीतसर कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

पै यांच्या त्या मैदान सोडण्याला मी फार महत्त्व देतो. त्यांनी भाषण केलं नाही, ठराव मांडला नाही. आपल्या हातातली जागा, थोड्या वेळापुरती का होईना, रिकामी केली. नेतृत्वाने करायची गोष्ट म्हणतात ती ही. आणि तीसुद्धा आपोआप सुचली नाही. दोन भावांनी आपली कारकीर्द पणाला लावून निषेध केला तेव्हा सुचली. गुण तर वीस वर्षं समोर दिसतच होता. वर येण्यासाठी त्याला तळातून रेटा लागला आणि वरून कुणीतरी बाजूला सरकावं लागलं. ‘साहेबाने मध्ये येऊ नये’ हे सूत्र पाळलं असतं तर विठ्ठलही कप्तान न होताच निवृत्त झाले असते.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात काँग्रेसने बाळूंना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर उभं केलं आणि बाबासाहेब जिंकले. बाबासाहेबांना त्या परळची खडान्‌खडा माहिती होती, आणि शिवाजी पार्कच्या जवळच पसरलेल्या गिरणगावाची गोष्ट काढल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. क्रिकेट हा खेळ आहे, तिथे मनाच्या लहरी चालतात, कारखान्यात मात्र मालक नफा बघतो, म्हणून तिथे भेदभाव टिकूच शकत नाही, असाही एक युक्तिवाद असतो.

मुंबईच्या गिरण्यांत चांगला पगार विणकामाच्या खात्यात होता. साच्यावर धोटा धावतो, धोट्यातली कांडी संपते, विणकर नवी कांडी बसवतो. मग सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं असतं. त्यासाठी विणकर भोकाला तोंड लावून श्वास आत ओढी, टोक फटकन बाहेर येई. कांडी संपली की पुन्हा तेच. त्या धोट्याला दुसऱ्या पाळीत दुसऱ्याचे ओठ लागत. एवढ्यावरून स्पृश्य विणकरांनी अस्पृश्यांना त्या खात्यात पाऊल टाकू दिलं नाही. अस्पृश्य कामगार सूत कातायच्या रिंग खात्यात आणि हलक्या पगाराच्या कामांत अडकून राहिले. इथे कुणाच्या हाताला कसब नव्हतं असं नाही. कसब शिकायच्या जागेलाच कुलूप होतं.

‘पण यंत्रच तसं होतं, त्याला कोण काय करणार?’ हेही उत्तर टिकत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच आरोग्याच्या कारणावरून तोंडाने ओढायच्या धोट्यांवर बंदी घातली होती. हाताने दोरा ओवायचे धोटे जगात होते. ते आणायचे की नाही, हा मालकाच्या हातातला निर्णय होता.

१९२८ चा सार्वत्रिक संप झाला तेव्हा गिरणगावातले दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की मागण्यांच्या यादीत अस्पृश्यांना विणकाम खातं खुलं करण्याची मागणी घाला, नाहीतर आमची माणसं संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. यादी मालकांपुढे गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. धनंजय कीरांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. मालक बोट दाखवतो कामगारांकडे, कामगारांचा पुढारी बोट दाखवतो मालकाकडे, आणि दोघांच्या मध्ये जो उभा आहे तो रिंग खात्यातच राहतो. समतेच्या नावाने लढणारे पुढारीसुद्धा आपल्याच माणसांना नाराज करायला कचरले, ही गोष्ट मला मालकांच्या उत्तरापेक्षाही जास्त लागते. कारण मालकाकडून फारशी अपेक्षा नव्हती.

त्याच जमिनींवर आता कार्यालयं उभी आहेत. कमला मिल, फिनिक्स, दादरची कोहिनूर मिल. धोटा गेला, साचे भंगारात गेले. पण मालकांचं ते उत्तर अजून तसंच ऐकू येतं. ‘आम्हाला काही अडचण नाही हो, पण टीमला चालेल का?’ ‘क्लायंटसमोर त्यांना कसं न्यायचं?’ ‘बाईमाणूस आहे, फिरतीचं काम जमेल का?’ अर्जदार समोर बसल्यावर ‘मूळचे कुठले तुम्ही?’ पासून प्रश्नांची माळ सुरू होते आणि आडनावावरून न कळलेली गोष्ट चौथ्या प्रश्नाला कळते. नव्या मुलीला लग्न कधी करणार हे विचारलं जातं, तिच्याबरोबरच्या मुलाला नाही. महत्त्वाची बैठक संध्याकाळी सात वाजता ठेवली जाते आणि पाळणाघर सातला बंद होतं. मुंबईत अशी कार्यालयं आहेत जिथे जेवणाच्या खोलीत मांसाहारी डबा उघडायला मनाई आहे. सुक्या बोंबलाचा डबा आणणारा माणूस जिन्यात किंवा खाली टपरीवर जाऊन जेवतो, आणि ज्या टेबलावर कामाच्या निम्म्या गोष्टी ठरतात त्या टेबलावर तो रोज गैरहजर असतो. बाळूंचा मातीचा पेला पुण्यात सव्वाशे वर्षांपूर्वी राहिला असं ज्यांना वाटतं त्यांनी दुपारी एक वाजता आपल्या कार्यालयाच्या जिन्यात एक चक्कर मारावी.

आता ‘दर्जा’च्या मुद्द्याकडे येऊ. खरा आक्षेप तिथे असतो. सर्वांना सामावून घ्यायच्या नादात काम घसरेल, अशी भीती बोलून दाखवली जाते. २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त भारतातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले, अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. हे आकडे समोर ठेवून दोनच गोष्टी म्हणता येतात. एक, या देशातली अक्कल मूठभर घरांतच जन्माला येते. दोन, निवडीची चाळणीच वाकडी आहे. पहिली गोष्ट उघड म्हणायची हिंमत कुणाची होत नाही. मग दुसरी मान्य करा. अधलंमधलं तिसरं उत्तर नाही.

‘कायदे आहेत की’ म्हणून हात झटकणाऱ्यांचाही विचार करू. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये गिरणी कामगार बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा केला, देशातला असा पहिला. विधिमंडळात बाबासाहेबांनी त्याची बाजू हिरीरीने मांडली होती. कायदा योग्यच होता. पण खर्च मालकावर पडतो, बायकांना रात्रपाळी नाही, वाइंडिंगला म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला नवी यंत्रं आली, अशी कारणं एकात एक मिसळत गेली आणि पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घटत घटत नावापुरतं उरलं. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. आजही तिशीतल्या विवाहित मुलीचा अर्ज बाजूला ठेवताना मुलाखत घेणाऱ्याच्या मनात काय चालतं ते त्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कायदा किमान मर्यादा आखतो. अर्ज बाजूला ठेवायचा की वर घ्यायचा, हे टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस ठरवतो, आणि त्या माणसाला तिथे कंपनीचं नेतृत्व बसवतं.

अलीकडे आणखी एक दाखला दिला जातो. अमेरिकेतसुद्धा हे सगळं गुंडाळलं की! खरं आहे. २०२५ च्या जानेवारीत तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी खात्यांतले असे कार्यक्रम बंद केले, मेटा आणि वॉलमार्टसारख्या कंपन्यांनीही आपली धोरणं आवरती घेतली. पण आपण हा प्रश्न अमेरिकेकडून उसना घेतलेला नाही. शिवाजी पार्कपासून चैत्यभूमी हाकेच्या अंतरावर आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसं याच मैदानावर उतरतात, ती कुठल्या परदेशी कंपनीच्या धोरणामुळे येत नाहीत.

दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही इथेच एक गोष्ट सुनावली पाहिजे. ८ मार्चला महिला कर्मचाऱ्यांना गुलाबाचं फूल, जून महिन्यात बोधचिन्हावर इंद्रधनुष्य, वर्षातून एकदा पंचतारांकित हॉटेलात व्याख्यान, आणि बढतीच्या यादीत तीच नावं. असल्या देखाव्यानेच विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलं आहे. सर्वसमावेशकतेच्या नावाने जे साहेब भाषण करतात आणि स्वतःची एकही जागा, एकही अधिकार सोडत नाहीत, त्यांच्यामुळे हे काम जितकं बदनाम झालं तितकं विरोधकांमुळेही झालं नसेल.

निर्णयाच्या खुर्चीत कोण बसतं याने काय फरक पडतो, असं कुणी विचारलं तर शिवाजी पार्कचं नावच उत्तर देतं. १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं झालं तेव्हा ते माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये त्याला शिवछत्रपतींचं नाव मिळालं ते अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने. महापालिकेत पोचलेल्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक होत्या. सभागृहात जागा होती म्हणून आग्रह धरता आला.

आणि शेवटचा दाखला याच मातीतला. वर्षानुवर्षं ऐकलं, बायकांचं क्रिकेट कोण बघतं, त्यात दर्जा कुठे आहे. पण १९७३ पासून २००६ पर्यंत ते एका वेगळ्या, पैशाची चणचण असलेल्या संघटनेकडे होतं. मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करत, सामुदायिक खोल्यांत झोपत. २००६ मध्ये ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळाने पुरुष आणि महिला खेळाडूंचं सामन्याचं मानधन सारखं केलं, कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. २०२३ मध्ये महिलांची व्यावसायिक लीग सुरू झाली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार, आचरेकर सरांच्या तालमीत तयार झालेले. रणजीत धावांचा डोंगर उभा करूनही भारताच्या संघात त्यांना कधी जागा मिळाली नाही. गुण असूनही दार न उघडणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आधी सुविधा आली, मोबदला आला, मान आला आणि मग चषक आला. ‘आधी दर्जा दाखवा, मग बघू’ म्हणणाऱ्यांनी हा क्रम एकदा तारखा समोर ठेवून वाचावा. हातात काही न देता दर्जा मागायचा, आणि तो दिसला नाही की माझं म्हणणं खरं ठरलं म्हणायचं, हा न्याय नव्हे.

तेव्हा जे आज कुठल्याही कार्यालयात, बँकेत, वर्तमानपत्रात, महाविद्यालयात, सहकारी संस्थेत निर्णयाच्या जागेवर आहेत त्यांना माझं सांगणं आहे. जेवणाच्या खोलीतली डब्याची मनाई उद्या काढून टाका, त्याला समिती लागत नाही. संध्याकाळी सातची बैठक दुपारी तीनला घ्या. मुलाखतीच्या टेबलावर एकाच घडणीची तीन माणसं बसवू नका. गेल्या पाच वर्षांत कुणाला बढती मिळाली त्याची यादी काढा आणि ती आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर ठेवा. कुणी ‘टीमला चालणार नाही’ म्हणालं, तर त्या टीमशी बोलायची जबाबदारी तुमची आहे, अर्जदाराची नाही. आणि पुढच्या बढतीच्या बैठकीत, ज्या माणसाकडून तुम्ही वर्षानुवर्षं नुसती गोलंदाजी करून घेतलीत, त्याचं नाव कप्तानीसाठी तुमच्या तोंडून निघू द्या.